दशमांशाच्या शेजारी दुसरे पाकीट

रविवारची उपासना संपते. मंडळी चहाला थांबतात आणि ख्यालीखुशालीवरून बोलणे हळूच पैशावर येते. पुण्याजवळच्या मारुंजी-हिंजवडी पट्ट्यात भाड्याच्या खोलीत राहून चाकण, तळेगाव, पिंपरीच्या कारखान्यांत शिफ्ट करणारी अनेक ख्रिस्ती कुटुंबे अहिल्यानगर, जालना, छत्रपती संभाजीनगर या भागांतून आलेली आहेत. सात ते दहा तारखेच्या दरम्यान पगार जमा होतो, वीस तारखेला हातउसने सुरू होते. प्रश्न ठरलेले असतात. ‘उद्याची चिंता करू नका असे प्रभूनेच सांगितले, मग साठवणे म्हणजे अविश्वास नाही का?’ ‘डोक्यावर कर्ज असताना दशमांश द्यायचा का?’ ‘भिशी लावू का?’ ‘मंडळीतलाच एक जण महिन्याला पाच टक्के देतो म्हणतो, घालू का पैसे?’

तुमच्या मनातही यांपैकी एखादा प्रश्न घोळत असेल. त्यांची उत्तरे आहेत, आणि ती वाटतात तेवढी अवघड नाहीत.

साठवणे म्हणजे अविश्वास नव्हे

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात मनाई आहे ती चिंतेला, तयारीला नाही. उत्पत्तीच्या ४१व्या अध्यायात योसेफ सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात टाकतो, म्हणून दुष्काळात मिसर जगतो. नीतिसूत्रे आळशी माणसाला मुंगीकडे पाठवतात. लूकच्या १४व्या अध्यायात बुरूज बांधायला निघालेल्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे येशू सांगतो. बाराव्या अध्यायातला धनवान मूर्ख ठरतो, पण कोठारे बांधली म्हणून नव्हे. त्याच्या सगळ्या बेतात त्याच्याशिवाय दुसरे माणूसच नाही म्हणून.

यातून निर्णयापुरते एवढेच घ्या: प्रत्येक बचतीला कारण असावे आणि ते लिहिलेले असावे. मुलीची अकरावी, वडिलांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, कंत्राट संपल्यावरचे तीन महिने. कारण लिहिलेल्या पैशाला हात लावताना माणूस दोनदा विचार करतो.

ही सवय घरात आधीपासून आहे

बचतीचे सल्ले बहुधा ‘खर्च कमी करा’ इथून सुरू होतात आणि तिथेच संपतात. ख्रिस्ती कुटुंबाला त्याहून सोपी वाट आहे, कारण अर्धी सवय त्याला लहानपणापासून लागलेली असते. दशमांश महिनाअखेरीस उरलेल्यातून काढत नाहीत. पगार हातात आला की आधी ते पाकीट भरले जाते आणि घर उरलेल्यात चालते. बचतीला नेमके हेच लागते.

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १६व्या अध्यायात पौलाने गरजू बांधवांसाठीच्या वर्गणीची जी रीत सांगितली, तिच्यात तीन गोष्टी आहेत: दिवस ठरलेला, रक्कम मिळकतीच्या मानाने, आणि पैसे घरीच बाजूला काढलेले, म्हणजे ऐनवेळी धावाधाव नको. आजच्या आवर्ती ठेवीचे, म्हणजे आरडीचे, तत्त्व याहून वेगळे नाही.

मिझोरामच्या मंडळ्यांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून एक रीत चालत आली आहे. घरची बाई भात शिजवायला घेण्याआधी मूठभर तांदूळ वेगळ्या भांड्यात टाकते. ते पुढे चर्चच्या कामासाठी गोळा होतात. ज्यांच्याकडे रोख पैसा नव्हता, अशा घरांनी मुठीमुठीने मोठे काम उभे केले. मूठ काढायची ती तांदूळ शिजण्याआधी. जेवण झाल्यावर पातेल्यात काय उरले ते बघून कोणी मूठ काढत नाही.

याची उलटी बाजूही मराठी ख्रिस्ती घराला परकी नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा हात उदार, पैसा त्यांच्याजवळ टिकत नसे आणि संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला त्या प्रसंगांचे हसू येते; पण घर चालवणारी व्यक्ती तुमच्याकडे कोण आहे, हे आठवून ते पुन्हा वाचावे.

तेव्हा पहिला सल्ला एका ओळीचा आहे. दशमांशाचे पाकीट ज्या दिवशी भरता, त्याच दिवशी त्याच्या शेजारी दुसरे पाकीट ठेवा.

पगाराच्या दिवशी काय कराल?

समजा, घरात २२,००० रुपये येतात. भाडे ६,५००, किराणा-गॅस-दूध ६,५००, शाळा आणि ट्यूशन २,०००, वीज-मोबाइल-पेट्रोल १,८००, गावी आईवडिलांना २,०००. झाले १८,८००. दशमांश २,२०० धरला तर उरतात हजार रुपये, आणि तेवढ्यात महिन्यात कोणाचे तरी लग्न असते! हिशेब इतका आवळलेला असतो, म्हणूनच तो पगाराच्या दिवशी करायचा.

- वेगळे खाते ठेवा. पगाराच्या खात्यातला पैसा यूपीआयवर झिरपतो. बचतीसाठी पोस्टात किंवा दुसऱ्या बँकेत खाते उघडा आणि ते मोबाइलच्या ॲपला जोडूच नका. किमान शिल्लक नको असलेले मूलभूत बचत खाते कोणत्याही बँकेत मागता येते.
- बँकेला कायमची सूचना द्या. पगार नऊ तारखेला होत असेल, तर दहा तारखेला ठरलेली रक्कम आपोआप वळती होऊ द्या.
- झेपेल त्याच रकमेने सुरुवात करा. पोस्टाची आरडी महिना १०० रुपयांपासून उघडते. पहिल्याच महिन्यात तीन हजार टाकून चौथ्या महिन्यात मोडण्यापेक्षा तीनशे रुपये वर्षभर भरणे चांगले.
- आधी अडचणीचा निधी उभा करा. तीन महिन्यांचा घरखर्च हे लक्ष्य ठेवा. या पट्ट्यात कंत्राटी कामगाराला ‘ब्रेक’ मिळतो, मंदीत कारखाने उत्पादन बंदचे दिवस जाहीर करतात. २०१९च्या वाहन उद्योगातील मंदीने आणि पाठोपाठच्या टाळेबंदीने हे अनेक घरांना शिकवले.
- ओव्हरटाइम आणि बोनस पगारात मिसळू नका. त्यातला अर्धा थेट बचतीत जाऊ द्या. कारखान्यातल्या ओव्हरटाइमला दुप्पट दर हा तुमचा कायदेशीर हक्क आहे; पगारपत्रक तपासा.

नाताळचे वेगळे बघा. डिसेंबरात कपडे, फराळ, पाहुणे, गावचा प्रवास असे सगळे एकदम येते आणि जानेवारी उधारीवर निघतो. नाताळची तारीख दरवर्षी ठाऊक असते, तेव्हा जानेवारीत बारा महिन्यांची बँकेची आरडी त्याच्याच नावाने काढावी. चर्चमधल्या हंगामाच्या सणाच्या लिलावाचेही तसेच. उत्साहाच्या भरात भोपळ्यावर पाचशेची बोली लावणाऱ्या हाताने ती रक्कम आधी ठरवून आणलेली बरी.

कर्ज असताना दशमांश?

यावर मंडळ्यांमंडळ्यांत मतभेद आहेत, आणि पाळकांशी मोकळेपणाने बोलणे हा पहिला मार्ग आहे. पण निर्णय घेताना तीन वचने शेजारी ठेवा. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय सांगतो की दान आपल्याजवळ जे आहे त्यावरून मोजले जाते, जे नाही त्यावरून नाही. त्याच पत्राचा नववा अध्याय जबरदस्तीच्या देण्याला नकार देतो. आणि मार्कच्या सातव्या अध्यायात, आईबापांच्या वाट्याचे देवाला अर्पण केले म्हणून हात झटकणाऱ्यांना येशू चांगलेच सुनावतो.

म्हणून व्याजाने पैसे काढून अर्पण देऊ नका. क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा सावकाराचे देणे चालू असेल, तर अर्पणाची रक्कम झेपेल तेवढी ठेवा आणि सर्वांत महागडे कर्ज आधी संपवा. कर्ज फिटले की हप्त्याची तीच रक्कम, त्याच तारखेला, बचतीकडे वळवा. खिशाला ती नसण्याची सवय झालेलीच असते. तुमचे पगारपत्रक बघण्याचा अधिकार मंडळीत कोणालाही नाही, हेही लक्षात असू द्या.

पैसे कुठे ठेवाल?

खालचे व्याजदर सरकार दर तिमाहीला ठरवते, तेव्हा पोस्टात चौकशी करूनच पैसे भरा.

- पोस्टाची पाच वर्षांची आरडी. ६.७ टक्के दराने महिना १,००० भरले तर ६०,०००चे सुमारे ७१,३६६ होतात. बारा हप्ते भरल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते, त्यामुळे अडचणीत खाते मोडावे लागत नाही.
- पीपीएफ. वर्षाला किमान ५००, कमाल दीड लाख. मुदत १५ वर्षे, दर ७.१ टक्के. लांबच्या कामासाठी.
- सुकन्या समृद्धी. दहा वर्षांखालील मुलीसाठी, वर्षाला किमान २५० रुपये. २०२४पासून दर ८.२ टक्के.
- भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ. याबद्दल थोडे सविस्तर, खाली.
- विमा. ही बचत नव्हे, पण बचत वाचवते. वर्षाला २० रुपयांत अपघाताचा आणि ४३६ रुपयांत आयुर्विम्याचा, प्रत्येकी दोन लाखांचा सरकारी विमा बँक खात्यावर मिळतो. हप्ता कापला जाण्याच्या दिवशी खात्यात शिल्लक नसेल तर तो चालू राहत नाही.

पीएफ ही कारखान्यातल्या माणसाची सर्वांत मोठी बचत, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. पगारातून १२ टक्के कापले जातात, पण ते खात्यात भरले जातात का? यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक, चालू करून पासबुक दर तीन महिन्यांनी बघा. तुम्ही कंत्राटदाराकडे असाल आणि त्याने भरणा केला नसेल, तर जबाबदारी मूळ कंपनीवरही येते. पीएफ कार्यालयात लेखी तक्रार करता येते. कंपनी बदलली की पैसे काढण्याचा मोह होतो. खाते नव्या कंपनीकडे वळवून घ्या. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते, आणि मधेच पेन्शनची रक्कम काढली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

भिशीचे काय? ओळखीच्या दहाबारा जणींची छोटी भिशी शिस्त लावते, हे खरे. पण तिच्यात व्याज नाही, कागद नाही, आणि पहिल्या महिन्यात भिशी उचललेली बाई खोली सोडून गेली तर कोणाकडे दाद मागणार? खोल्या बदलत राहणाऱ्या या भागात हा धोका गावापेक्षा मोठा आहे. भिशी लावायचीच तर रक्कम लहान ठेवा आणि वहीवर दर महिन्याला सर्वांच्या सह्या घ्या. महिला संघातल्या जणींना बचत गट हा अधिक चांगला पर्याय आहे, कारण त्याचे बँकेत खाते असते आणि गटाला कर्जही मिळते.

बँक, पतसंस्था आणि पाच लाखांची रेघ

पिंपरीच्या सेवा विकास सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२२मध्ये रद्द केला. पुण्याच्या रुपी बँकेचा परवाना रद्द होण्याची कारवाईही त्याच वर्षी झाली, आणि तिचे ठेवीदार तर २०१३पासून निर्बंधांखाली अडकले होते. अशा वेळी कामी येतो तो ठेव विमा: एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत. २०२०च्या फेब्रुवारीपर्यंत ही मर्यादा एकच लाख होती.

पतसंस्थेला हा विमा नाही. पाटीवर ‘सहकारी’ लिहिलेले असले तरी बँक वेगळी, पतसंस्था वेगळी. पिग्मी एजंट रोज दारात येतो, गोड बोलतो. पण ती ठेव कोणाकडे जाते ते पावतीवर वाचा. पावतीच देत नसेल, तर त्याला दुसऱ्या दिवशी पैसे देऊ नका.

याचा अर्थ सहकारावर फुली मारा असा नाही. वसईत १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूने पापडीला सुरू केलेल्या कॅथलिक पतसंस्थेतूनच आजची बसीन कॅथलिक सहकारी बँक उभी राहिली. त्याच्याही शतकभर आधी, १८१० साली, स्कॉटलंडमधल्या रुथवेल खेड्यात हेन्री डंकन या पाळकाने गरिबांसाठी बचत बँक काढली होती. तिथल्या मजुराकडे साध्या बँकेत खाते उघडण्याइतके पैसेच नसत, म्हणून त्याने नाण्यानाण्याने ठेवी घेतल्या. दोन्ही ठिकाणी माणसांचा विश्वास होता, पण हिशेबाची वहीही होती.

‘आपलाच बंधू आहे’

इथे जरा थांबून वाचा, कारण सर्वांत जास्त पैसा इथे बुडतो. मंडळीत विश्वास हे चलन असते, आणि फसवणाऱ्याला ते आयते मिळते. प्रार्थनेत शेजारी बसणारा माणूस महिना पाच टक्क्यांची योजना सांगतो, पहिले तीन महिने परतावा चोख देतो, मग चौथ्या महिन्यात तुम्ही मेहुण्यालाही घेऊन येता. महिना पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. पोस्ट सात देते, बँक त्याच्या आसपास. उरलेले त्रेपन्न येतात कुठून, एवढे एकच विचारा. बहुतेकदा ते तुमच्या मेहुण्याच्या पैशातून येतात. ‘पेराल तसे शंभरपट मिळेल’ असे वचन सांगून कोणी ठेव मागत असेल तर अधिकच सावध व्हा. अनियंत्रित ठेव योजनांना २०१९च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर संस्था नोंदणीकृत आहे का ते बघता येते आणि तक्रारही करता येते.

दुसरा खड्डा जामीनकीचा. नीतिसूत्रे परक्यासाठी जामीन राहण्याविरुद्ध एकदा नव्हे, अनेकदा बजावतात, आणि तरी पतसंस्थेच्या फॉर्मवर ‘फक्त सही’ म्हणून आपण सही करतो. भारतीय करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. वसुली सरळ तुमच्या पगारावर येऊ शकते. मदत करायचीच असेल, तर परत आले नाहीत तरी चालेल एवढी रक्कम हातात द्या. सही देऊ नका.

तिसरा खड्डा मोबाइलवर आहे. पाच मिनिटांत कर्ज देणारे ॲप तुमच्या फोनमधले नंबर मागत असेल तर ते तिथेच काढून टाका. नियमानुसार कर्ज देणारी बँक किंवा वित्तसंस्था कोण, वर्षाचा एकूण खर्च किती, हे सांगणारे पत्रक कर्जाआधी मिळायला हवे.

हे हक्क माहीत असू द्या

- वसुली एजंट सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू शकत नाही. धमकी आणि नातेवाइकांसमोर अपमान कधीच नाही.
- बचत गटाच्या धर्तीवर मिळणाऱ्या मायक्रोफायनान्स कर्जांचे सगळे हप्ते मिळून घराच्या मासिक मिळकतीच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, आणि असे कर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड नाही.
- परवाना नसताना सावकारी करणे हा महाराष्ट्रात २०१४च्या कायद्याने गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्या कार्यालयात करता येते.
- बँकेने ३० दिवसांत तक्रार सोडवली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. शुल्क नाही. माहितीसाठी क्रमांक १४४४८.
- ऑनलाइन पैसे गेले तर लगेच १९३० फिरवा. पहिले काही तास महत्त्वाचे.

बचत कोणाच्या नावे?

वर्षानुवर्षे साठवलेला पैसा एका रिकाम्या रकान्यामुळे अडकतो. बँक खात्यावर १ नोव्हेंबर २०२५पासून चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे स्वीकारतो. ते कोणाचे, हे वारसा कायदा ठरवतो.

आणि तुमचा वारसा कायदा शेजाऱ्यापेक्षा वेगळा आहे. ख्रिस्ती कुटुंबाला १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल, तर पत्नी किंवा पती यांना एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना समान. मुलगा-मुलगी असा फरक नाही. मुले असतील तर आईवडिलांना या वाटणीत हिस्सा मिळत नाही. गावी असलेली म्हातारी आई तुमच्यावरच अवलंबून असेल, तर तिच्यासाठी मृत्युपत्रच करावे लागेल. ते साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी होते. नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: लग्नाआधी केलेले मृत्युपत्र लग्न होताच रद्द होते. नवे करावे लागते.

पीएफचा नियमही याच जातीचा आहे. लग्नाआधी भरलेले नामांकन लग्नानंतर चालत नाही, ते यूएएनवरून नव्याने भरावे लागते. आज घरी गेल्यावर पासबुक आणि पीएफचे खाते उघडून तेवढा एक रकाना बघा. लग्नाला दहा वर्षे झालेल्या कितीतरी जणांच्या तिथे अजून आईचेच नाव असते.